परक्या जनुकाची जागा

नारायणगावच्या बाजार आवारात टोमॅटोचे क्रेट उतरू लागले की ग्राहकांच्या मनात दरवर्षी एक शंका डोके वर काढते. इतका टणक, इतका एकसारखा, इतके दिवस न नासणारा टोमॅटो पाहून लोक म्हणतात, हा नक्कीच ‘जीएम’ असणार. यात कुठल्या तरी प्राण्याचे जनुक घातले असणार. मग तो हलाल कसा? जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील आपल्या कित्येक कुटुंबांचा चरितार्थ याच टोमॅटोवर, मंचरच्या कांदा-बटाट्यावर किंवा गोठ्यातील चार दुभत्या जनावरांवर चालतो. तेव्हा हा प्रश्न जसा ताटातल्या घासाचा आहे, तसाच कमाईच्या वैधतेचाही आहे. ऐकीव गोष्टींवर त्याचे उत्तर देता येणार नाही. ज्या गोष्टीचे आपल्याला ज्ञान नाही तिच्या मागे लागू नये, कान, डोळे आणि अंतःकरण या प्रत्येकाचा जाब विचारला जाणार आहे, अशी ताकीद पवित्र कुरआनने (सूरह बनी इस्राईल, आयत ३६) दिली आहे. म्हणून आधी वस्तुस्थिती पाहू.

भारतात जनुकीय बदल केलेला टोमॅटो पिकवण्यास परवानगी नाही. शेतकऱ्याला व्यापारी लागवडीसाठी असे एकच पीक आजवर मिळाले आहे, ते म्हणजे कापूस. २६ मार्च २००२ रोजी केंद्र सरकारच्या समितीने जालन्याच्या महिको कंपनीच्या तीन संकरित बीटी वाणांना मान्यता दिली आणि पुढच्या काही वर्षांत देशातील कापसाच्या क्षेत्राचा फार मोठा भाग बीटीखाली गेला. नारायणगावचा टोमॅटो संकरित आहे. त्याची साल जाड आहे ती निवडीने आणि संकराने. त्यात कोणत्याही प्राण्याचा अंश नाही.

मग आपण सुटलो का? तसे नाही. जुन्नर-आंबेगावात कापूस फारसा पिकत नाही, पण सरकीच्या पेंडीचे पोते गोठ्यात येते. सरकीचे तेल फरसाणाच्या कढईत असते. परका डीएनए आपल्या उंबऱ्याच्या आत येतो तो या वाटेने. हलालच्या दृष्टीने पाहिले तर त्यातील कीडनाशक जनुक मातीतल्या बॅसिलस थुरिंजिएन्सिस नावाच्या जिवाणूतून घेतलेले आहे. डुकराचा किंवा अन्य कुठल्या प्राण्याचा त्याच्याशी संबंध नाही. शुद्ध केलेल्या तेलात प्रथिने जवळजवळ उरतच नाहीत. पेंडीतला डीएनए गाईच्या पोटात इतर चाऱ्यातल्या डीएनएसारखाच पचतो, कारण गवताच्या प्रत्येक काडीतही डीएनए असतोच. तेव्हा या कारणाने दुधाच्या वैधतेवर शंका घेण्याचे प्रयोजन दिसत नाही. ‘जीएम म्हणजे डुकराचे जनुक’ हे समीकरण आपल्या मोहल्ल्यांतून जितक्या लवकर निघून जाईल तितके बरे, कारण ते ज्या खऱ्या प्रश्नावर पडदा टाकते तो प्रश्न अधिक गंभीर आहे.

तो प्रश्न असा: परके जनुक वनस्पतीच्या आत नेमके कुठे जाऊन बसते, आणि ती जागा कोण ठरवतो?

वाचकांना हे समजून घेण्यासाठी जुन्नरच्याच एका जुन्या व्यवसायाची आठवण उपयोगी पडेल. हातकागदासाठी जुन्नर एके काळी सर्वदूर प्रसिद्ध होते; जुन्नरी कागदावर कितीतरी दप्तरे लिहिली गेली. अशा कागदावर लिहिलेल्या बारा खंडांच्या एका ग्रंथाची कल्पना करा. टोमॅटोचा जीनोम असाच आहे. त्याची गुणसूत्रे बारा, त्यात सुमारे नव्वद कोटी अक्षरे आणि पस्तीस हजारांच्या आसपास जनुके. २०१२ साली अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनी मिळून हा ग्रंथ वाचून काढला. भारतीय संस्थाही त्या कामात होत्या.

आता या ग्रंथात नवा मजकूर दोन प्रकारे येऊ शकतो. पहिला प्रकार संकराचा. टोमॅटोची पाने आकसून गोळा होतात, तो पर्णगुच्छ रोग आपल्या शेतकऱ्यांना चांगलाच ठाऊक आहे. त्याला तोंड देणारे एक जनुक दक्षिण अमेरिकेतील एका रानटी टोमॅटोत सापडले. ते संकराने आपल्या टोमॅटोत आणले गेले. सूत्रकृमीला प्रतिकार करणारे जनुकही तसेच दुसऱ्या एका रानटी जातीतून आले. दोन्ही सहाव्या गुणसूत्रावर बसली आहेत, कारण रानटी जातीतही ती सहाव्यावरच होती. हे म्हणजे ग्रंथाच्या दुसऱ्या प्रतीतील सहाव्या खंडाची काही पाने काढून आपल्या प्रतीच्या सहाव्या खंडात त्याच पृष्ठांच्या जागी शिवणे. त्या पानांबरोबर नको असलेला मजकूरही येतो आणि तो गाळायला पैदासकाराची कित्येक वर्षे जातात. पण पान आपल्या जागी बसते.

दुसरा प्रकार वेगळा आहे. गुलाबाच्या किंवा फळझाडाच्या खोडाशी, जमिनीलगत, कधी कधी खडबडीत गाठी येतात. त्या अ‍ॅग्रोबॅक्टेरियम नावाच्या मातीतल्या जिवाणूमुळे येतात. झाडाला जखम झाली की हा जिवाणू तिथे पोहोचतो आणि आपल्या डीएनएचा एक तुकडा झाडाच्या पेशीत सोडतो. तो तुकडा झाडाच्या गुणसूत्रात जाऊन बसतो आणि पेशी जिवाणूच्या सोयीची संप्रेरके व अन्न तयार करू लागते. १९७७ साली अमेरिकेत मेरी-डेल चिल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे सिद्ध केले की हा तुकडा खरोखरच वनस्पतीच्या पेशीत राहतो. सहा वर्षांतच शास्त्रज्ञांनी त्या तुकड्यातील गाठ आणणारा मजकूर काढून त्याजागी आपल्याला हवे ते जनुक ठेवले आणि जिवाणूला जणू टपालवाला बनवले. जनुकीय बदल केलेल्या वनस्पतींपैकी फार मोठ्या संख्येच्या मागे हा टपालवाला आहे.

मात्र या टपालवाल्याजवळ पत्ता नसतो. तुकडा पेशीच्या केंद्रकात पोहोचतो तेव्हा तिथे वनस्पतीच्या डीएनएला कुठे ना कुठे नैसर्गिक तडे गेलेले असतात आणि पेशीची स्वतःची दुरुस्तीची यंत्रणा ते सांधत असते. त्या सांधण्याच्या कामात परका तुकडाही चिकटवला जातो. २०१६ साली नेदरलँड्समधील लायडनच्या संशोधकांनी दाखवले की पॉलिमरेज थीटा नावाच्या एका दुरुस्ती-विकराचा यात मोठा वाटा असतो. म्हणजे बाहेरचा मजकूर ग्रंथात घालणारा हात अखेरीस ग्रंथाच्या स्वतःच्या बांधणीकाराचाच असतो. फाटलेले पान जोडताना त्याच्या हाताला जी चिठ्ठी लागली ती त्याने तिथेच डकवून टाकली.

अशी जागा कोणत्या भागात सापडते? बराच काळ समज होता की परका तुकडा जनुकांनी गजबजलेल्या, जागत्या भागांतच बसतो. हजारो रोपे तपासून काढलेला हा निष्कर्ष होता. पण रोपे निवडली कशी जात? ज्या रोपात घातलेले जनुक काम करते तेवढेच रोप प्रतिजैविकाच्या कसोटीतून जिवंत राही. ज्यांच्यात तुकडा गुणसूत्राच्या निद्रिस्त भागात बसला ती रोपे मरून जात आणि मोजणीत येतच नसत. २००७ मध्ये अमेरिकेतील काही संशोधकांनी ही कसोटी न लावता तपासले, तेव्हा तुकडे जवळपास सगळीकडे सापडले: जागत्या भागात, निद्रिस्त भागात, दोन जनुकांमधल्या मोकळ्या पट्ट्यात. जे जगले तेवढेच पाहून नियम बांधायचा, ही चूक आपण संसारातही रोज करतो.

जागेवर बरेच काही अवलंबून असते. तुकडा एखाद्या जनुकाच्या मधोमध बसला तर ते जनुक बंद पडते. निद्रिस्त भागात बसला तर तो स्वतःच गप्प होतो. कधी एकाच्या जागी दोन-तीन प्रती बसतात, कधी अर्धवट, कधी उलट्या. म्हणून कंपनी शेकडो रोपे तयार करते, बहुतेक फेकून देते आणि एक निवडते. त्या एका रोपातील तुकड्याच्या बैठकीला तंत्रज्ञ ‘इव्हेंट’ म्हणतात. भारतातल्या पहिल्या बीटी कापसाचा इव्हेंट ‘मॉन ५३१’ या नावाने ओळखला जातो. त्या वंशातल्या प्रत्येक झाडात तुकडा त्याच एका जागी सापडतो, कारण ती सगळी एका पूर्वज रोपाची संतती आहेत.

हवाईतील पपईचे उदाहरण बोलके आहे. तिथे वलयांकित ठिपक्यांच्या विषाणूने पपईच्या बागा उद्ध्वस्त केल्या; तोच विषाणू आपल्या महाराष्ट्रातील पपईलाही छळतो. त्यावर विषाणूचेच एक जनुक पपईत घालून प्रतिकारक वाण तयार झाले आणि १९९८ पासून लोक ती फळे खाऊ लागले. त्या पपईचा संपूर्ण जीनोम मात्र २००८ साली वाचला गेला. तेव्हा समजले की परका डीएनए तीन ठिकाणी बसला आहे आणि त्या तिन्ही जागांच्या सहा कडांपैकी पाच कडांना पपईच्याच हरितकणातून पूर्वी कधीतरी केंद्रकात आलेल्या डीएनएचे तुकडे आहेत. फळ निर्धोक ठरवले गेले होते आणि बागा वाचल्या होत्या, हे खरेच. पण पाने नेमकी कुठे डकवली गेली याचा पूर्ण नकाशा फळ बाजारात आल्यावर दहा वर्षांनी हाती आला, हेही तितकेच खरे.

येथे श्रद्धावंत वाचक थबकतो. शास्त्रज्ञ या जागेला ‘यादृच्छिक’ म्हणतात. अल्लाहच्या राज्यात यादृच्छिक असे काही असते का? सूरह अनआमच्या ५९ व्या आयतीचा आशय असा की झाडाचे एकही पान त्याच्या नकळत गळत नाही आणि जमिनीच्या अंधारात पडलेला दाणाही त्याच्या नोंदीबाहेर नाही. ज्याला दाण्याचा ठावठिकाणा ठाऊक आहे त्याला दाण्याच्या आतल्या तुकड्याचाही आहे. विज्ञानातला ‘यादृच्छिक’ हा शब्द माणसाच्या अंदाजाची मर्यादा सांगतो. कोणालाच ठाऊक नाही, असा दावा तो करत नाही. त्यामुळे या शब्दाने बिचकण्याचे कारण नाही आणि त्याचा आधार घेऊन निर्मात्याला नाकारणाऱ्यांनाही त्यातून काही लाभत नाही.

पण याहून धोकादायक चूक आपल्या बाजूने होते. ‘जागा अल्लाहच ठरवतो’ असे म्हणून माणसाला मोकळे सोडणे, ही ती चूक. उंट आधी बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण मुलांनाही पाठ असते. ज्याने तुकडा सोडला त्याला तो कुठे पडणार हे ठाऊक नव्हते, हे त्याच्या सुटकेचे कारण होऊ शकत नाही. उलट त्यामुळेच शोधण्याची, तपासण्याची आणि सांगण्याची त्याची जबाबदारी वाढते. अंधारात दगड भिरकावणारा ‘मी कोणावर नेम धरला नव्हता’ असे म्हणू लागला, तर कोणता काझी ते मान्य करील?

‘मुळात परके जनुक घालणेच हराम नाही का?’ असे काही बांधव विचारतात आणि सूरह निसाच्या ११९ व्या आयतीकडे बोट दाखवतात. तिथे सैतानाची प्रतिज्ञा आली आहे: तो माणसांना आज्ञा देईल आणि ती अल्लाहच्या निर्मितीत बदल करतील. आक्षेप गंभीर आहे. तो हसण्यावारी नेऊ नये. परंतु त्याच आयतीत जनावरांचे कान चिरण्याचा उल्लेख आहे. तो अरबांच्या त्या प्रथेशी संबंधित आहे, जिच्यात जनावर देवतेच्या नावाने सोडले जाई आणि वैध वस्तू अवैध ठरवली जाई. अनेक जुन्या भाष्यकारांनी येथे ‘निर्मिती’चा अर्थ अल्लाहचा धर्म, माणसाची मूळ प्रकृती असा घेतला आहे. दुसऱ्या काहींनी तो शरीरातील बदलांना लावला. दोन्ही अर्थ परंपरेत आहेत. मात्र पिकात केलेला प्रत्येक बदल या आयतीखाली आणला तर कलम बांधणेही हराम ठरेल आणि जुन्नरचा आंबा उत्पादक बागच लावू शकणार नाही.

शिवाय निर्मात्याने स्वतः घालून दिलेल्या व्यवस्थेत परक्या डीएनएचा प्रवास चालूच असतो. २०१५ साली बेल्जियमच्या आणि पेरूच्या संस्थांतील संशोधकांनी रताळ्याच्या २९१ लागवडीखालील वाणांची तपासणी केली. त्या सर्वांमध्ये अ‍ॅग्रोबॅक्टेरियमचा डीएनए सापडला. हजारो वर्षांपूर्वी कोणत्याही प्रयोगशाळेविना तो तिथे बसला आणि तेव्हापासून माणूस ते कंद खात आला आहे. आषाढीला शेजारच्या घरी शिजणारे रताळे आणि रमजानच्या संध्याकाळी आपल्या दस्तरखानावर येणारे रताळे एकच. भाताचेही तसेच. आंबेगावच्या पश्चिमेकडील डोंगरात, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, महादेव कोळी बांधव जो भात लावतात त्या भाताच्या दहाव्या गुणसूत्रावर हरितकणाच्या डीएनएचा सुमारे १,३१,००० अक्षरांचा एक अखंड तुकडा बसलेला आहे. परकेपणा ही वस्तूच्या ठायी असणारी अपवित्रता आहे, असे मानायला निसर्गात आधार सापडत नाही.

खजुराच्या परागीकरणाची हदीस या संदर्भात मला फार मोलाची वाटते. सहीह मुस्लिममध्ये ती आली आहे. मदीनेतील लोक नराचे फुलोरे मादी झाडावर नेऊन बांधत. प्रेषितांना (स.) त्याची गरज वाटली नाही, म्हणून लोकांनी ते सोडून दिले, त्या वर्षी खजूर नीट धरला नाही. तेव्हा त्यांनी सांगितले की आपल्या ऐहिक व्यवहारातील गोष्टी तुम्हीच अधिक जाणता. ही हदीस बहुधा विज्ञानाच्या स्वातंत्र्यासाठी सांगितली जाते आणि ते योग्यच आहे. पण तिची दुसरी बाजू कमी सांगितली जाते. मदीनेच्या शेतकऱ्याला परागीकरणाचा अधिकार मिळाला तो त्याच्या अनुभवाने. कोणते फूल कुठे बांधले, कशाला फळ धरले, हे तो पाहत होता आणि पीक बुडाले तेव्हा ते लपवले गेले नाही, प्रेषितांपर्यंत (स.) पोहोचवले गेले. जाणण्याच्या अधिकारात सांगण्याचे कर्तव्य तिथेच सामावलेले होते.

मक्केत ३१ ऑक्टोबर १९९८ रोजी सुरू झालेल्या आपल्या पंधराव्या अधिवेशनात राबिता-ए-आलम-ए-इस्लामीच्या फिक्ह परिषदेने जनुक अभियांत्रिकीवर निर्णय दिला, तो याच दिशेचा आहे. शेती आणि पशुपालनात या तंत्राचा वापर वैध, पण अट अशी की माणूस, प्राणी किंवा पर्यावरण यांना, दूरच्या काळातही, हानी होऊ नये यासाठी सर्व दक्षता घेतली जावी. शिवाय अशा वस्तू बनवणाऱ्या कंपन्यांनी त्यांची घडण लोकांना स्पष्ट सांगावी, म्हणजे वापरणारा जाणून-समजून वापरील. परवानगी, दक्षता आणि प्रकटीकरण ही तीन अंगे एकत्र दिली आहेत. आपल्याकडे वादात पडणारे लोक यातले सोयीचे एकच उचलतात. समर्थक परवानगीपाशी थांबतात, विरोधक दक्षतेपाशी. तिसऱ्याची आठवण फारशी कोणाला होत नाही.

वास्तविक त्या तिसऱ्या अंगाचा पाया जागेच्या प्रश्नातच आहे. परक्या तुकड्याची जागा आधी सांगता येत नाही; पण एकदा तो बसला की तीच जागा त्याची अचूक ओळख ठरते. तुकड्याच्या दोन्ही कडांना वनस्पतीचा कोणता मजकूर आहे, हे तपासले की बियाणे कोणत्या इव्हेंटचे, परवानगीचे की विनापरवाना, हे प्रयोगशाळेत कळते. दोन कंपन्यांनी तेच जनुक वापरले तरी कडा वेगळ्या निघतात. ज्या अनिश्चिततेने जागा ठरली तीच अनिश्चितता साक्षीदार होते. कयामतच्या दिवशी माणसाचे हात-पाय साक्ष देतील, असे सूरह यासीनमध्ये (आयत ६५) आले आहे. बियाण्याची काया या जगातच साक्ष देते आहे.

आणि अशा साक्षीची गरज भासते आहे. विदर्भात तणनाशक सहन करणारे, मान्यता नसलेले कापसाचे बियाणे अनेक वर्षे छुप्या मार्गाने विकले जात आहे. शेतकरी त्याला ‘चोर बीटी’ म्हणतात. पाकिटावर नाव एक, आत दुसरे. बिल नाही, हमी नाही, बोंडअळी आली तर दाद मागायला जागा नाही. प्रेषितांनी (स.) बाजारातल्या धान्याच्या ढिगात हात घातला आणि आत ओल लागली, तेव्हा ओला भाग वर का ठेवला नाही, असे विक्रेत्याला विचारले, फसवणारा आपल्यातला नाही, हे त्यांनी त्याच प्रसंगी सांगितले. हजरत अबू हुरैरा (रजि.) यांनी कथन केलेली ही हदीस बियाण्याच्या पाकिटाला शब्दशः लागू पडते. जी वस्तू काय आहे हेच घेणाऱ्याला ठाऊक नाही, तिच्या सौद्यातील अनिश्चिततेला शरीअतने ‘गरर’ म्हटले आणि असा सौदा निषिद्ध केला. चोर बीटी विकून मिळालेला पैसा मग बियाणे उगवले तरी शुद्ध कसा होणार?

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की या विषयाला दुसरी बाजू आहे. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातील अकोली जहागीर येथे शेतकरी संघटनेने हेच बियाणे जाहीर घोषणा करून पेरले. निंदणीची मजुरी परवडत नाही, जगभर उपलब्ध असलेले तंत्र आम्हालाच का नाही, असा त्यांचा सवाल होता. त्यांच्या मार्गाशी मतभेद असू शकतो. पण उघडपणे पेरून परिणामाला सामोरे जाणाऱ्याला आणि दुकानाच्या मागच्या दाराने पाकीट सरकवणाऱ्याला एका पारड्यात तोलणे अन्याय होईल. तंत्राच्या स्वातंत्र्याची मागणी वैध आहे. नाव लपवून ते विकण्याला स्वातंत्र्य म्हणता येत नाही.

मग शेजाऱ्याचा हक्क उरतो. परागकण बांध ओळखत नाहीत. स्वतः हानी सोसू नये आणि इतरांना पोहोचवू नये, हे तत्त्व हदीसमध्ये आले आणि त्यावर फिक्हची एक संपूर्ण शाखा उभी राहिली. वांग्याच्या बाबतीत नेमका हाच मुद्दा पुढे आला. भारत ही वांग्याची जुनी भूमी. इथे त्याचे रानटी भाऊबंद आणि असंख्य देशी वाण आहेत. बीटी वांग्याला ऑक्टोबर २००९ मध्ये तांत्रिक समितीने हिरवा कंदील दाखवला, त्यानंतर नागपूरसह सात शहरांत जाहीर सुनावण्या झाल्या आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी त्याला स्थगिती दिली. बांगलादेशाने त्याच वांग्याला २०१३ मध्ये परवानगी दिली आणि तिथले मुस्लिम शेतकरी आज ते पिकवतात, कीटकनाशकाची फवारणी कमी झाल्याचे सांगतात. फवारणीचे विष ज्याच्या अंगावर पडते त्याचे प्राण रक्षिणे हाही शरीअतचा हेतू आहे, हे विसरून चालणार नाही. दोन देशांनी एकाच तुकड्याबाबत दोन निर्णय घेतले आणि दोन्हींमागे हानी टाळण्याचाच युक्तिवाद होता. माझे मत विचाराल तर, जिथे देशी वाण आणि रानटी नातलग बांधाला बांध लावून आहेत तिथे थांबून विचार करण्यात काही गमावले नाही. पण त्या थांबण्याचा उपयोग तपासणीसाठी व्हायला हवा होता; तो फारसा झाला नाही.

आता हा सारा विषय एका नव्या वळणावर आला आहे. ४ मे २०२५ रोजी केंद्रीय कृषिमंत्र्यांनी जीनोम संपादनाने तयार केलेली भाताची दोन वाणे जाहीर केली: ‘कमला’ आणि ‘पुसा डीएसटी राइस १’. या तंत्रात शास्त्रज्ञ आधी जागा निवडतो. ग्रंथातील ठरलेल्या ओळीवर कात्री नेतो, तिथे एक लहानसा छेद देतो आणि पेशी तो सांधताना एखादे अक्षर बदलून जाते. कात्री चालवणारी परकी जनुके पुढच्या पिढ्यांतून गाळून टाकली जातात आणि अंतिम रोपात परका डीएनए राहत नाही, असे सांगितले जाते; म्हणून अशा वाणांना जीएम पिकांच्या कडक नियमांतून सूटही मिळाली आहे. ज्याला परक्या जनुकाची भीती वाटत होती त्याला हे ऐकून हायसे वाटेल, आणि ते समजण्यासारखे आहे.

पण वाचकांनी क्षणभर विचार करावा. जागा अनिश्चित होती तेव्हा निर्माता निदान ‘मला ठाऊक नव्हते’ असे म्हणू शकत होता आणि बसलेला तुकडा त्याच्याविरुद्ध साक्ष देऊ शकत होता. आता जागा त्यानेच निवडली आहे आणि तुकडा उरलेला नाही. एका अक्षराचा तो बदल माणसाने केला की निसर्गात आपोआप झाला, हे नुसत्या बियाण्याकडे पाहून सांगणे अतिशय अवघड आहे. साक्षीदार गेला, राहिला तो सांगणाऱ्याचा शब्द. पैदासकार, कंपनी, वितरक आणि गावातील कृषी सेवा केंद्राचा मालक, या साखळीतील प्रत्येकाचा शब्द.

मंचर, घोडेगाव, ओतूर, आळे येथील दुकानांत बियाणे बहुधा उधारीवर घेतले जाते. पीक निघाल्यावर हिशेब होतो. कुरआनमधील सर्वांत दीर्घ आयत (सूरह बकरा, २८२) नमाजची किंवा रोजाची नाही. ती उधारीच्या व्यवहाराची आहे. मुदतीचा सौदा लिहून ठेवा, लहान असो वा मोठा, लिहिण्याचा कंटाळा करू नका, साक्षीदार ठेवा, असे तिच्यात सविस्तर सांगितले आहे. आपण दरवर्षी त्या दुकानात जातो, वहीत आकडा मांडला जातो, पाकीट पिशवीत पडते. त्या नोंदीत रकमेशेजारी वाणाचे पूर्ण नाव, उत्पादकाचे नाव आणि लॉट क्रमांक लिहून घ्यावा, पक्के बिल मागावे आणि पाकीट हंगाम संपेपर्यंत जपून ठेवावे. आपल्यापैकी ज्यांचे स्वतःचे दुकान किंवा रोपवाटिका आहे, त्यांनी गिऱ्हाइकाने मागण्याची वाट न पाहता ते लिहून द्यावे.